आईंची गाठ आणि अक्काचं दुखणं

डहाणूतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी सोळा वर्षं काम करते. रक्त काढते, लघवी तपासते, आणि संडासच्या तपासणीसाठी आलेल्या प्लास्टिकच्या डब्याही मीच उघडते. सुरुवातीला किळस यायची, मग गेली. लोकांची लाज मात्र कधी गेली नाही. कुणी डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी घालून आणतं. कुणी ती टेबलावर ठेवतं आणि काही न बोलता बाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहतं, मग नाव विचारायला मला त्यांच्या मागे जावं लागतं. हे सांगायचं कारण एवढंच, की इतकी वर्षं परक्यांच्या डब्या तपासणाऱ्या मला माझ्याच घरात काय चाललंय ते दिसलं नाही.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या. आमची चिकूची वाडी आहे. माझा नवरा ती बघतो. पण उतरवलेल्या चिकूंची निवड आईंशिवाय कुणाला जमत नाही. गोणपाटावर बसायच्या आणि लहान, मधला, मोठा असे तीन ढीग लावत जायच्या, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याशी बोलता बोलता, फळाकडे न बघता. त्या वर्षी मात्र त्या मध्येच भिंतीला टेकून बसायला लागल्या. विहिरीपासून घरापर्यंत आलं की धाप लागायची. विचारलं की म्हणायच्या, "ऊन लागलं." पावसाळ्यातही ऊनच लागायचं त्यांना. मी मनात म्हणायचे, वय झालं. ओठ पांढुरके पडले होते, नखं फिकी झाली होती. लॅबमध्ये असा माणूस समोर आला असता तर मी सुई हातात घ्यायच्या आधीच ओळखलं असतं.

कळलं ते मोतीबिंदूमुळे. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी रक्ताचा रिपोर्ट मागितला. मी सकाळी घरीच आईंचं रक्त काढलं आणि जेवणाचा डबा घ्यावा तशी नळी पर्समध्ये टाकून कामावर गेले. मशीनने बाराच्या जागी हिमोग्लोबिन दाखवलं सहा पॉइंट नऊ. मला वाटलं, नळी नीट हलवली नसेल. पुन्हा लावलं. सहा पॉइंट आठ. दुपारी घरी जाऊन दुसरं रक्त घेऊन आले. तेच.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "सासूबाईंची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"वीस तरी झाली असतील."

"मग रक्त जातंय कुठे?" ते म्हणाले. "लोहाच्या गोळ्या नंतर. आधी संडास तपासा."

आता ही डबी मला माझ्या सासूला द्यायची होती. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"सुनेनं बघायचं हे?"

"आई, मी रोज पन्नास लोकांचं बघते."

"त्या पन्नासांत तुझी सासू नसते."

"बरं, मी नाही बघत. लॅबमधली दुसरी मुलगी बघेल."

"तीही कुणाची तरी सूनच असेल ना गं!"

आठ दिवस असेच गेले. नवऱ्याचं रागावून झालं, माझं समजावून झालं. नवव्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते, तर पायरीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलेला. आई तुळशीला पाणी घालत होत्या, तोंड पलीकडे करून. "घेऊन जा ते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या मुलीला मी हात लावू दिला नाही. पट्टीवर थेंब टाकले. पहिली रेघ येते ती तपासणी नीट झाली हे सांगायला, दुसरी आली तर डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे. दुसरी रेघ मिनिटभरात उठली, चांगली ठळक. मी हातमोजे काढले आणि मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. बाहेर माणसं थांबली होती, म्हणून पाच मिनिटांनी उठले.

दुर्बिणीची तपासणी आम्ही वापीला केली. आमच्याकडची बरीच माणसं गुजरातची हद्द ओलांडून तिकडेच जातात, जवळ पडतं. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. उजव्या बाजूची गाठ बराच काळ गप्प राहते, असं ते म्हणाले. पोट दुखत नाही, रक्त दिसत नाही, माणूस नुसता थकत जातो. तुकडा तपासायला पाठवला होता, पण ते म्हणाले, "माझ्या मते कॅन्सर आहे. मुंबईला जा, वेळ घालवू नका. निघण्यासारखी आहे."

आईंना सांगायचं नाही, असं नवऱ्याने बाहेर पडतानाच ठरवून टाकलं. परतताना तलासरीला माझ्या नणंदेकडे थांबायचं होतं. ती तिथल्या शाळेत शिकवते. नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, मीही तिला ताईच म्हणते. हायवे सोडून गाडी आत वळली तेव्हा मागच्या सीटवरून आईंचा आवाज आला.

"गाठ आहे ना?"

नवऱ्याने आरशातून मागे बघितलं.

"माझ्या अक्कालाही होती."

नवऱ्याने गाडी कडेला घेतली. अक्का म्हणजे आईंची मोठी बहीण. ती होती, लवकर गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. भिंतीवर तिचा फोटो नाही, तिच्याविषयी घरात कधी बोलणं नाही. त्या दिवशी आई गाडीत बसून सांगत राहिल्या. अक्का आत सायवनच्या बाजूला दिली होती. छत्तिसाव्या वर्षी तिच्या पोटात गाठ झाली. पोट फुगलं, माणूस वाळला आणि तीन महिन्यांत संपला. गाठ कसली, ते कुणी नीट सांगितलं नाही, विचारणाराही कुणी नव्हता. त्या वेळी आई बाळंतीण होत्या. माझा नवरा तेव्हा नुकताच जन्मला होता. बाळंतिणीच्या कानावर घालायचं नाही म्हणून बहीण गेल्याचं त्यांना बारा दिवसांनी सांगितलं. "मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वेगळे काढून ठेवले होते," आई म्हणाल्या. "बाळ बघायला येईल म्हणून."

ताईच्या घरी गेल्यावर हे सगळं पुन्हा सांगावं लागलं. ताईने चहा टाकला होता, तो उतू गेला. ती शेगडी पुसत राहिली, बराच वेळ पुसत राहिली.

ऑपरेशन मुंबईला झालं आणि चांगलं झालं. सर्जन एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. आतड्याचा तेवढा भाग काढून दोन टोकं जोडली. पाचव्या दिवशी आई कॉरिडॉरमध्ये चालत होत्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला चिकू कसा पिकवायचा ते शिकवत होत्या. आम्ही दहाव्या दिवशी घरी आलो.

काढलेल्या गाठीचा सविस्तर रिपोर्ट नंतर माझ्या फोनवर आला. मी लॅबमध्येच होते. गाठ आतड्याच्या भिंतीत खोल गेली होती, पण आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. इथपर्यंत वाचून मला हायसं वाटलं. शेवटी चार प्रथिनांची नावं होती. त्यांतली दोन गाठीत आहेत. उरलेल्या दोघांपुढे, एमएलएच-वन आणि त्याच्या जोडीने राहणारं एक, लिहिलं होतं की गाठीच्या पेशींत ती आढळत नाहीत.

मला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता, म्हणून वाचायला बसले. तेच चुकलं. पेशी दोन होताना जी नक्कल होते तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच-वन हे प्रथिन. ते बनवणारं जनुक काही घराण्यांत जन्मतःच बिघडलेलं असतं. आईबापांकडून मुलांकडे जातं, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. अशा घरांत माणसं तरुणपणीच आतड्याच्या कॅन्सरने जातात. वाचताना माझ्यासमोर अक्का उभी राहिली, छत्तीस वर्षांची, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. मग माझा नवरा. मग ताई. मग आमची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "रिपोर्टमध्ये काय आहे? तू जेवत नाहीस." मी सांगितलं. तो वाडीत निघून गेला आणि अंधार पडेपर्यंत ठिबकच्या नळ्या काढून परत लावत बसला. ताईला फोन त्यानेच केला. रविवारी ती आली, आणि आल्या आल्या आईंवरच घसरली.

"चाळीस वर्षं तू मावशीचं नाव काढलं नाहीस. आम्हाला कळायला नको होतं?"

"मला काय माहीत गं असं असतं ते."

"माझी दोन पोरं आहेत, आई!"

"ताई, अजून नक्की काहीच नाही," मी म्हणाले. "डॉक्टर बघतील, तपासणी असते..."

"मला करायची नाही तपासणी. मला हे असेल तर मला कळायलाच नको." ती पाणीही न पिता परत गेली.

त्या दिवसापासून आई खाईनाशा झाल्या. जखम भरत आली होती, अंगात शक्ती हवी होती, आणि ताटात वाढलेलं तसंच परत यायचं. मी कितीही मऊ भात केला, वर मुगाचं वरण घातलं, तरी दोन घासांवर हात धुवायच्या. नातीकडे मात्र एकटक बघत बसायच्या. तिने चिंच खाल्ली, भजी खाल्ली, की मला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "तिचं पोट दुखत नाही ना? विचार तिला. मी विचारलं तर घाबरेल." एका दुपारी मी केस विंचरून देत होते, तर म्हणाल्या, "माझ्या पोटातून त्यांच्या पोटात गेलं असेल तर मी कशाला वाचले गं?"

  मी वेणी घातली.

पुढच्या भेटीला आई आमच्याबरोबर मुंबईला आल्या. सर्जनबाईंनी रिपोर्ट उघडला, तेव्हा मी माझ्या मनातलं सगळं भडाभडा बोलून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्ची आईंच्या बाजूला वळवली. माझ्याशी बोलण्याऐवजी त्यांच्याशी बोलल्या, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

"आजी, तुम्ही पोथी वाचता?"

"वाचायचे. आता डोळ्यांनी दिसत नाही."

"पोथीतला एखादा अध्याय वाचता येत नाही असं दोन कारणांनी होतं. एक, छापतानाच चुकीचा छापला. तशी पोथी असेल तर तिच्यावरून काढलेल्या प्रतींतही तीच चूक जाऊ शकते. दुसरं, अक्षरं ठीक आहेत, पण पानं एकमेकांना चिकटली. तुमच्या गाठीत एक जनुक वाचलं जात नाहीये. ते जन्मापासून चुकलेलं आहे की वयाबरोबर त्या जागी चिकटून बंद झालंय, हे अजून माहीत नाही. तुमच्या वयाच्या बायकांत, आणि उजव्या बाजूच्या गाठीत, चिकटण्याचा प्रकार पुष्कळदा दिसतो."

"आणि चिकटलं असेल तर?"

"तर ते त्या गाठीपुरतं. ती गाठ मी काढून टाकली. मुलांकडे ते जात नाही."

आईंनी पदर सावरला. "हे कळतं तपासून?"

"कळतं. गाठीचा तुकडा आपल्याकडे मेणात जपून ठेवलाय. तुम्हाला पुन्हा सुई टोचायचीसुद्धा गरज नाही."

जनुकाच्या सुरुवातीला बारीक रासायनिक टिकल्या बसतात आणि ते बंद पडतं, त्याला मेथिलेशन म्हणतात, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, फक्त त्यांचा आवाज बंद होतो. अशाच टिकल्या रक्तात किंवा संडासात शोधून कॅन्सर लवकर पकडायच्या तपासण्याही आता निघाल्या आहेत, असं त्या म्हणाल्या. आमच्या लॅबपर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत. आमच्याकडे त्या दोन रेघांचीच पट्टी.

निकालाला तीन आठवडे लागणार होते. त्या तीन आठवड्यांत मी आईंना डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं, तर म्हणाल्या, "आधी ते कळू दे. वाईट असेल तर मला स्पष्ट दिसायला नकोच." ताईचा फोन येत नव्हता. नवरा दिवसातून चार वेळा माझा फोन उचलून बघायचा आणि परत ठेवायचा.

फोन आला तेव्हा मी एका लहान मुलाचं रक्त काढत होते आणि ते किंचाळत होतं. पडद्यावर सर्जनबाईंचं नाव दिसलं. पण मूल समोर होतं. कापूस दाबला, पट्टी लावली, त्याच्या आईला कधी यायचं ते सांगितलं आणि मग फोन लावला.

"मेथिलेशन आहे," त्या म्हणाल्या. "पानं चिकटली आहेत. घराण्यातलं नाही. आजींना सांगा. आणि गाठ ज्या पायरीवर निघाली आणि ज्या प्रकारची आहे, ते बघता केमोची गरज नाही. फक्त नियमित तपासत राहायचं."

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. घरी आले तेव्हा आई ओसरीवर बसल्या होत्या. मी काय सांगतेय ते त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग स्वतः म्हणून बघितलं. "म्हणजे पानं चुकीची छापलेली नाहीत. चिकटली होती."

"हो आई."

"आणि ती गाठ त्यांच्याकडेच राहिली, मेणात."

"हो."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग उठल्या. "चल, तलासरीला जाऊ."

"मी ताईला फोन करते ना."

"फोनवर नाही. मीच तिला भीती घातली, मीच काढते."

नवऱ्याने गाडी काढली. ताई शाळेतून नुकतीच आली होती, साडीचा पदर खोचून भाजी निवडत होती. आईंनी उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली, पोथीपासून. सगळं उलटसुलट झालं, जनुक हा शब्द त्यांना आठवेना, पण ताईला कळलं. ती हातातली मेथी तशीच धरून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. आई तिच्या शेजारी बसून उरलेली जुडी निवडायला लागल्या. "तेव्हा मी तुला वाट्टेल ते बोलले," ताई म्हणाली. "मग कुणाला बोलणार होतीस?" आई म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी ताईच्या हातची दीड भाकरी खाल्ली. मी मोजली नाही, ताईनेच नंतर सगळ्या नातेवाईकांना फोनवर सांगितलं.

सर्जनबाईंनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती, तीही मी ताईला सांगितली. जन्मजात दोष नसला तरी आईला आतड्याचा कॅन्सर झालेला असल्यामुळे दोन्ही मुलांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. ताई आधी गेली, नवरा तिच्यामागून. दोघांचंही स्वच्छ निघालं.

इथे हे संपायला हवं होतं. पण त्या रात्री तलासरीहून परत येताना गाडीतच आईंनी विचारलं, "मग माझ्या अक्काला काय होतं?"

पुढच्या तपासणीला आम्ही तो प्रश्न सर्जनबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ना कागद आहे, ना तुकडा. तुमच्या रिपोर्टने तुमच्या गाठीचं उत्तर दिलंय, त्यांच्या गाठीचं नाही. पण छत्तिसावं वर्ष म्हणजे फार लवकर. त्यांना मूल आहे?"

होती, एक मुलगी. अक्का गेली तेव्हा आठ वर्षांची. आता ती चारोटीला असते, हायवेच्या नाक्यावर नवऱ्याबरोबर लहानसं हॉटेल चालवते. आमच्या लग्नकार्यात दोनदा आली होती, जेवून गेली होती. आई तिच्याशी कधी दोन शब्दांच्या पुढे बोलत नसत. आम्हाला वाटायचं, पटत नसेल. आता आई म्हणाल्या, "तिचा चेहरा अक्काचा आहे. मला बघवत नसे."

आम्ही दोघीच गेलो, रिक्षा करून. दुपारची वेळ होती. ती गल्ल्यावर होती, अठ्ठेचाळीस वर्षांची, रुंद कपाळाची बाई. गिऱ्हाइकांशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत होती. "आवो, बेसो," म्हणत मान वर केली आणि आईंना बघून उभीच राहिली.

"मावशी? काय झालं?"

तिने आम्हाला आतल्या टेबलावर बसवलं, वडे मागवले. आईंनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "तुझ्या आईला जे झालं तसंच मला झालं होतं. माझं घराण्यातलं नाही निघालं. तुझ्या आईचं काय होतं ते कुणाला माहीत नाही. म्हणून तू तपासून घ्यायला हवंस. आणि हे तुला मी फार आधी येऊन सांगायला हवं होतं."

मी घाबरले होते. ताईसारखी चिडेल, किंवा रडेल. ती बराच वेळ टेबल पुसायच्या फडक्याच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मी पस्तीस पूर्ण केली ना मावशी, तेव्हा धाकटीच्या शाळेचे गणवेश दोन मापं मोठे शिवून ठेवले होते. मी नसले तर उपयोगी पडतील म्हणून. छत्तीस झाली. सदतीस झाली. मग मला वाटलं, सुटले. कुणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं. बाप बोलत नसे. तुम्हीही बोलत नव्हता."

"नव्हते बोलत," आई म्हणाल्या. "चुकलं माझं."

"चला, कधी जायचं?" ती उठली. "बुधवारी गर्दी कमी असते."

वापीला मीच तिच्याबरोबर गेले. आदल्या दिवशी ते पोट साफ करायचं औषध पिताना तिने मला फोन करून असल्या शिव्या घातल्या, की त्या इथे लिहिता येणार नाहीत. तपासणीत दोन मांसाचे कोंब सापडले. एक बारीक होता, दुसरा चांगला मोठा. डॉक्टरांनी दोन्ही तिथेच काढले. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण मोठा कोंब राहिला असता तर पुढेमागे झाला असता. मग मुंबईला तिच्या रक्तातून जनुकांची तपासणी झाली. त्यात दोष सापडला नाही. सर्जनबाईंनी हेही सांगितलं की आज जितकं शोधता येतं तितक्यात सापडलं नाही, इतकाच याचा अर्थ. तीन वर्षांनी पुन्हा यायचं, आणि मुलींनीही चाळिशीच्या आधी दाखवायचं. अक्काला काय झालं होतं, ते उत्तर कधीच मिळालं नाही. आईंनी ते सोडून दिलंय असं मला वाटत नाही.

या सगळ्याला आता दोन वर्षं होऊन गेली. आईंच्या तपासण्या स्वच्छ येत आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, भिंतीवरची पाल दिसते म्हणून तक्रार असते. आमच्या पंचक्रोशीत महिन्यातून एखाद्या शनिवारी मी आता अंगणवाडीत जाऊन बायकांना थकव्याबद्दल सांगते: पन्नाशीनंतर उगीच धाप लागत असेल तर ऊन म्हणू नका, रक्त तपासा. काही ऐकतात, काही हसतात.

अक्काची चारोटीची मुलगी आता महिन्याआड बुधवारी आमच्याकडे येते. गेल्या महिन्यात आली तेव्हा मी आत पोळ्या करत होते आणि दोघी ओसरीवर होत्या. तिने आईंना विचारलं, "मावशी, तिचा आवाज कसा होता? मला चेहरा आठवतो थोडा, आवाज आठवत नाही."

 मला वाटलं, आई विषय टाळतील.

"जाडा होता," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाला शोभत नाही म्हणायचे सगळे. अंगणातून हाक मारली की ओढ्यापलीकडची माणसं वळून बघायची."

"काय हाक मारायची?"

मग माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी इतक्या वर्षांत मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, घसा खाकरला आणि वाडीच्या दिशेने तोंड करून खणखणीत, जाड आवाजात हाक मारली. अक्का त्यांना ज्या घरगुती नावाने बोलवायची, त्या नावाने. वाडीतून माझा नवरा धावत आला, काय झालं म्हणून. दोघी इतक्या हसत होत्या, की त्याला कुणी सांगितलंच नाही.